टाकावरची बाई

आमच्या पिपरी मेघेच्या घरात लोखंडी कपाटाच्या आरशावर वर्षभर एक जुनं लुगडं टांगलेलं होतं. येणारेजाणारे विचारायचे आणि मी सांगायचे, आरशाला तडा गेलाय, कुणाला लागू नये म्हणून झाकलाय. खोटं बोलले की माझे कान तापतात, तरी बोलायचे. माझ्या आईला त्या आरशात एक बाई दिसते आणि ती दिसली की आई थरथर कापते, हे दारात पेढ्यांचा डबा घेऊन उभ्या असलेल्या माणसाला काय सांगणार?

त्यातून मी प्राणिशास्त्राची प्राध्यापक. वर्ध्याच्या एका महाविद्यालयात वर्षानुवर्षं बेडूक फाडले आणि पोरांकडून फाडून घेतले. कुणा बाईच्या अंगात आलं की तिला आधी मीठ-साखरेचं पाणी द्या, मग आरती करा, असं सांगणारी म्हणून मोहल्ल्यात माझी ख्याती होती, आणि ती ख्याती काही फार प्रेमाची नव्हती. स्वभाव तापट. चूक दिसली की मला राहवत नाही, मग ती विद्यार्थ्याची असो की नवऱ्याची. अशा माझ्याच घरात आरसा झाकायची वेळ का आली, ते मला नीट सांगायचं आहे. त्यात माझी एक चूक आहे आणि एक लाज आहे. दोन्ही सांगते.

घरात मी आईला माय म्हणायचे. लिहायला बसलं की आई येतं. तळेगावला बाबांचं कापडाचं दुकान होतं, मागे घर. मी एकटीच, मला ना भाऊ ना बहीण. आईच्या गळ्यात पोतीच्या जोडीला काळ्या गोफात ओवलेला चांदीचा एक छोटा टाक होता, अंगठ्याच्या नखाएवढा. त्यावर उभ्या बाईची उठावाची आकृती. चेहरा झिजून सपाट झालेला. देवघरात देवांचे टाक असतात, त्यातलाच एक हिनं गळ्यात घातलाय, असंच मी समजत आले. जेवायला बसली की आई पहिला घास त्या टाकाला लावायची आणि मगच तोंडात घालायची. आखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, आमरस आणि सरगुंडे झाले की घरात कुणीही खायच्या आधी तो मान टाकाचा. कॉलेजात गेल्यावर मला शिंगं फुटली होती. मी चिडवायचे, "माय, भरलं काय तुह्या देवीचं पोट?"

ती हसायची नाही. "चूप बस," म्हणायची. "तिच्यावर हसू नाई."

बाबा गेले तेव्हा जमलेल्या बायकांनी तिची पोत काढली, पण टाकाला हात लावू दिला नाही तिनं. दोन्ही मुठींत धरून बसली होती. मला वाटलं, दुःखात माणूस काहीतरी धरून ठेवतं, हिनं हे धरलंय.

तिचं बिघडतंय हे पहिल्यांदा लक्षात आलं तेही आखाजीच्या तयारीतच. नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी सुट्टीत लेकीला घेऊन तळेगावला गेले होते. सरगुंडे करायचे म्हणजे कणकेची बारीक वळी काडीभोवती गुंडाळायची आणि गुंडाळलेली तशीच हलकेच ओढून काढायची. आई हे बोलता बोलता करायची, हाताकडे न बघता. त्या दिवशी तिनं वळी गुंडाळली आणि थांबली. काडी हातात, आणि माझ्याकडे बघतेय.

"आता काय करू व याचं?"

मला वाटलं थट्टा करतेय. मी म्हटलं, "काढ ना." ती काडीकडे बघत राहिली. मग माझ्या लेकीनं, चौदा वर्षांच्या पोरीनं, ती तिच्या हातातून घेतली आणि सरगुंडा काढून दिला. आई म्हणाली, "हाव, असंच असते." आणि पुढची वळी घेऊन पुन्हा तिथेच अडली.

वर्षभरात तिला पिपरी मेघेला आणावं लागलं. डॉक्टरांनी तपासण्या केल्या, स्मृतिभ्रंशाचा हा आजार अल्झायमर असावा असं सांगितलं, आणि आमच्या घराण्यात आणखी कुणाला होतं का, असं विचारलं. मी नाही म्हणणार होते, तेवढ्यात आजी आठवली. आईची आई. मी सात-आठ वर्षांची असताना तिला पाहिलं होतं. विहिरीच्या काठावर बसून ती लग्नातली गाणी म्हणायची आणि स्वतःच्या मुलाला 'तू कोणाचा' म्हणून विचारायची. बाहेरचं झालं, असं सगळे म्हणायचे. लिंबू उतरवले, धूर केला, आणि एक दिवस ती गेली. डॉक्टरांना हो म्हटलं आणि तिथे बसल्या बसल्याच मी पिढ्या मोजायला लागले.

त्याचं कारण माझ्या फळ्यावर होतं. दरवर्षी मी वर्गात पेशीचं चित्र काढायचे. मधे केंद्रक, आणि त्याच्या बाहेर विखुरलेल्या लांबट मायटोकॉन्ड्रिया. पुस्तकात त्यांना पेशीचं ऊर्जाघर म्हणतात. मी चूल म्हणायचे, कारण लोडशेडिंगमध्ये वाढलेल्या पोरांना ऊर्जाघरापेक्षा चुलीचा भरवसा जास्त. अन्न तिथे जळतं आणि त्यावर पेशी जगते. या चुलीचा स्वतःचा वेगळा डीएनए असतो, छोटासा, गोल. तो माणसाला आईकडूनच मिळतो, बापाचा त्यात हिस्सा नाही. मुलाला मिळतो खरा, पण त्याच्याकडून पुढे जात नाही. आजीकडून आईला, आईकडून मुलीला, असा तो चालत येतो. इथे वर्गातल्या मुली हमखास हसायच्या आणि मुलं खिडकीबाहेर बघायची. मी मोठ्या तोऱ्यात सांगायचे हे.

आता वहीच्या मागच्या पानावर मी चार गोल काढले. आजी, आई, मी, माझी लेक. वरून खाली एक रेघ. रेघ काढली आणि पेन ठेवून दिलं.

जवळच्या एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या ग्रंथालयात ओळख काढून मी शनिवारी दुपारी जाऊन बसू लागले. वाचलं ते असं. या छोट्या डीएनएत वय वाढेल तसे बदल साचत जातात, कारण तो चुलीच्या धगीतच असतो आणि त्याच्या डागडुजीची सोय तुटपुंजी असते. मेंदूला ऊर्जा फार लागते; चुली मंदावल्या तर आधी उपाशी मरणार त्या मेंदूच्या पेशी. अल्झायमरच्या रोग्यांच्या मेंदूत असे बदल जास्त सापडतात, असं काही जण म्हणत होते. काहींना ते सापडत नव्हते. बदलांमुळे आजार होतो की आजारामुळे बदल, हेही कुणी छातीठोक सांगत नव्हतं. एका लेखात तर रोग्यांमध्ये ठरावीक बदल सापडल्याचं लिहिलं होतं, आणि तो वाचून मी दोन दिवस जेवले नाही. नंतर हाती लागलेल्या दुसऱ्या लेखात होतं की ते बदल मायटोकॉन्ड्रियातले नव्हतेच. फार पूर्वी त्या डीएनएचे तुकडे केंद्रकात जाऊन बसलेत, आणि त्या जुन्या नकलांनाच मूळ समजून वाचलं गेलं होतं. मला हसू आलं. एवढी शिकलेली माणसं, आणि नक्कल कुठली नि अस्सल कुठलं हे कळू नये? मी नवऱ्याला रंगवून सांगितलं. तो म्हणाला, "तुला बरं वाटलं ना, मग झालं."

पण बरं वाटलं नव्हतं. भाजी आणायला जाऊन काय आणायचं ते विसरले की आठवेपर्यंत मी तिथून हलायचे नाही. हजेरीपटावरची नावं मी घरी पाठ म्हणून बघायचे, एखादं सुटलं की पुन्हा पहिल्यापासून. लेक एकदा परीक्षेला जाताना प्रवेशपत्र घरी विसरली. मी ते घेऊन धावत गेले आणि शाळेच्या फाटकात, तिच्या मैत्रिणींसमोर, तिला इतकं बोलले की ती रडत पेपरला बसली. ती समजली, आईला राग आलाय. मला राग नव्हता आला. मी घाबरले होते, आणि घाबरले की मी भांडते.

आता माझी चूक.

आई घास टाकाला लावायची हे विसरली नाही, पण लावून झालं हे विसरायला लागली. वरणभाताचा घास टाकाला, पुन्हा टाकाला, पुन्हा टाकाला. ताट संपायचं आणि पोट रिकामं. गळा वरणानं माखलेला, गोफ आंबूस, कातडीवर लाल चट्टे. धुवायला गेलं की ती टाक मुठीत धरून ओरडायची. एका दुपारी ती झोपली असताना मी कात्री घेतली आणि गोफ कापून टाकला. टाक साबणानं घासला आणि प्रयोगशाळेतून आणलेल्या नमुन्याच्या छोट्या बाटलीत ठेवून झाकण लावलं. मला अगदी शहाणपणाचं काम केल्यासारखं वाटलं. गळ्याला मलम लावलं. आई उठली आणि तिचा हात गळ्याकडे गेला.

तीन दिवस ती शोधत होती. उशीखाली, पिठाच्या डब्यात, माझ्या पर्समध्ये. काय शोधतेस विचारलं तर सांगता येत नव्हतं. चौथ्या दिवशी सकाळी कपाटाच्या खोलीतून तिचा आवाज आला. ती आरशासमोर उभी होती, पदर डोक्यावर घेऊन, थोरामोठ्यांसमोर उभं राहावं तशी.

"काऊन आली तू?" ती आरशाला विचारत होती. "सगळं तं नीट चालून राह्यलं होतं."

या आजारात माणसाला आरशातला स्वतःचा चेहरा ओळखू येईनासा होतो. डॉक्टरांनी मला सांगितलं, मी पुस्तकातही वाचलं. टाक काढला नसता तरी हे झालं असतं. मला पूर्ण मान्य आहे. तरी पण चौथा दिवस होता तो, आणि मी मोजला होता.

आई त्या बाईशी रोज बोलू लागली. आधी विनवण्या, मग भांडण. "तुही पोरगी म्या चांगली ठेवली. शिकवली. मास्तरीण केली." कधी नुसतंच, "नाई देत मी. दहा मह्यन्याची होती तवा सोडून गेली, अन् आता मांगून राह्यली?" बोलता बोलता ती कापायला लागायची, घाम फुटायचा. म्हणून मी आरशावर तिचंच लुगडं टाकलं. त्यानं दोन दिवस शांत गेले. तिसऱ्या दिवशी मी चहा घेऊन आत गेले, आणि आई माझ्याकडे बघून भिंतीला जाऊन टेकली.

"पोरीले नेऊ नको," ती म्हणाली. "पाया पडतो तुह्या, पोरीले नेऊ नको."

आरशातली बाई आता माझ्यात आली होती. रोज नाही, पण आठवड्यातून दोन-तीनदा. मी केस मोकळे सोडले की हमखास. माझ्याच आईला माझी भुतासारखी भीती वाटते, ही गोष्ट मी कुणाला सांगितली नाही. दारातून आधी नुसता आवाज द्यायचा, मग चेहरा दाखवायचा, अशी सवय मी लावून घेतली.

जवळजवळ वर्षभर मी त्या बोलण्याला बडबड म्हणून सोडून दिलं. पण बडबडीत रोज तेच ते तपशील येत नाहीत. दहा महिने. सोडून गेली. तुझी पोरगी. शेवटी एका रविवारी मी बाटली पर्समध्ये टाकली आणि तळेगावला आमच्या जुन्या शेजारच्या काकींकडे गेले. त्यांना आता कमी दिसायचं. मी टाक त्यांच्या तळहातावर ठेवला. त्यांनी बोटानं चाचपला आणि कपाळाला लावला.

"हा तं सवतीचा टाक हाय," त्या म्हणाल्या. "पहिली बायको मेली की दुसरीच्या गळ्यात तिचा टाक घालतात. तिच्या आधी तिले खाऊ घालायचं, म्हंजे ते त्रास देत नाई." मग म्हणाल्या, "तुले मालूम नाई? तू पहिलीची व. मी लग्न होऊन या गावात आली तवा ते मरून गेलती. तुह्या मायनं कोणाले बोलू देलं नाई, म्हणून कोणी बोललं नाई."

अख्ख्या गल्लीला माहीत होतं, मला सोडून. मी चाळिशी ओलांडलेली बाई, आणि आयुष्यभर जिला देवी म्हणून हसले ती मला जन्म देणारी निघाली. यावर रडू यायला हवं होतं. काय आलं ते सांगते. परतताना आर्वीच्या स्टँडवर वर्ध्याची एसटी लागेपर्यंत मी बाकावर बसले होते आणि माझ्या अंगावरून कुणीतरी पोतं उतरवावं तसं मला हलकं वाटत होतं. ती माझी आई नाही. म्हणजे ती रेघ माझ्यापर्यंत आलेलीच नाही. माझ्या लेकीपर्यंत नाही. घरी येऊन मी वहीतली रेघ आजी आणि आईपाशी थांबवली आणि खाली जोरात काट मारली.

अकरा दिवस मी सुखात होते. भाजीची यादी विसरले तर विसरले. लेकीला उगाचच मसाला डोसा खायला नेलं. आईचं सगळं नीट केलं, उलट जास्त शांतपणे केलं, चिडले नाही, भांडले नाही. परक्या रोग्यावर कुणी चिडत नाही. हीच माझी लाज. जिनं मला शिकवलं, वाढवलं, ती माझी कुणी नाही या कल्पनेनं मी अकरा रात्री गाढ झोपले.

बाराव्या दिवशी मी कारंज्याला मामाजींकडे गेले. आईचे धाकटे भाऊ. हायवेला लागून त्यांचं ताडपत्री आणि दोरखंडांचं दुकान, समोर ट्रकांची रांग. मला पहिल्या बाईचं माहेर हवं होतं. तिची आई किती जगली, शेवटपर्यंत शुद्धीत होती का, एवढं कळलं की माझा हिशेब पुरा होणार होता. विद्यार्थी एका सोयीच्या निरीक्षणावर थांबला तर मी त्याची वही फेकायचे. मीही तिथवरच थांबले होते, फक्त सही शिक्का बाकी होता.

मामाजींनी टाक ओळखला. चहा सांगितला.

"ते कुठची होती म्हणून इचारून राह्यली तू?" ते म्हणाले. "अवं, आमच्याच घरची. मही मोठी बहीण."

मी टाक त्यांच्या पुढ्यातून उचलून हातात घेतला.

"ताप आला अन् तिसऱ्या दिवशी गेली. तू दहा मह्यन्याची. कोणाच्या हातचं दूध पे ना तू. लहानीनं घेतलं तवा चूप झाली. तुले खाली ठेवलं की रडे, म्हणून ते तुले मांडीवर घेऊनच जेवे. मंग दोन्ही घरच्यांनी ठरवलं अन् तिचंच लग्न लावून देलं. सतरा वर्षाची होती बिचारी. तिले कोणी इचारलं नाई. तिनं एकच गोष्ट मांगितली, पोरीले सांगायचं नाई."

"पण सख्खी बहीण," मी म्हटलं. "सख्ख्या बहिणीचा कशाला टाक घालायचा?"

"सख्खी असली तरी सवत झाली ना. तिची वस्तू तिच्या जागी जाऊन वापरली." मामाजी माझ्याकडे बघत होते. "तू हुबेहूब तिच्यासारखी दिसतं. केस सोडून आली तं मले भी धस्स होते."

दोघी एकाच आईच्या. तीच आजी, तीच चूल. काट मारलेली रेघ जिथल्या तिथे होती, फक्त मधल्या गोलात दुसरी बाई होती, आणि ती तिशीही न पाहता गेली असल्यामुळे म्हातारपणी तिचं काय झालं असतं हे सांगायला कुणी नव्हतं. समोर बसलेल्या मामाजींच्या पेशींतही आजीचाच डीएनए होता. ते साठीचे, आणि दुकानातून कोणत्या ट्रकवाल्यानं कोणत्या साली कुठल्या रंगाची ताडपत्री नेली हे गाडीच्या नंबरासकट सांगत होते. म्हणजे ठाम असं काहीच नव्हतं. माझ्या शास्त्रानं मला हो म्हटलं नव्हतं आणि नाहीही म्हटलं नव्हतं. मीच त्याच्या तोंडी घातलं होतं, आधी हो आणि मग नाही.

परतीच्या एसटीत मला पुन्हा भीती वाटेल अशी मी वाट बघत होते. ती नंतर आली. आधी लाजच आली. सतरा वर्षांची एक पोरगी, मांडीवर दुसरीचं मूल, गळ्यात मेलेल्या बहिणीचा टाक. पहिला घास तिचा, हे आयुष्यभर एकदाही न चुकवता. कशासाठी, तर तिनं परत येऊन मला मागू नये म्हणून. आणि मी तो गोफ कात्रीनं कापून बाटलीत भरला होता. तळेगाव आलं तेव्हा मी खिडकीकडे तोंड करून रडत होते, शेजारचा माणूस विचारत होता, ताई, पोटात दुखते काय?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाजारातून काळा गोफ आणला आणि टाक ओवला. दुपारी ताट वाढून आईच्या खोलीत गेले. केस मोकळे सोडून गेले. ती भिंतीला टेकली, मी तिच्यासमोर जमिनीवर बसले. मग मी तो टाक तिच्या गळ्यात घातला. तिनं लगेच मुठीत धरला.

"नेतं काय तिले?" तिनं विचारलं. आवाज अगदी बारीक.

वर्गात, घरात, सगळीकडे मी पुस्तकी मराठी बोलते. त्या दिवशी तळेगावचीच भाषा तोंडात आली.

"नाई नेत," मी म्हटलं. "म्या पाहायले आलती फक्त."

"मले माय म्हणते ते."

"म्हणू दे. तुहीच पोरगी हाय ते. म्या नाई मांगत."

ती माझ्या चेहऱ्यावर काहीतरी शोधत राहिली. मग म्हणाली, "तुले राग नाई ना?"

"नाई व. चांगली ठेवली तू तिले."

आईनं वरणभाताचा घास उचलला आणि टाकाला लावला. पुन्हा उचलला तो सरळ माझ्या तोंडाशी धरला. मी खाल्ला. तिसरा तिनं स्वतः खाल्ला, आणि मग ताट संपेपर्यंत खात राहिली. नंतर कपाटाच्या खोलीत जाऊन मी आरशावरचं लुगडं काढून घडी घातली.

त्यानंतर ती दोन वर्षं होती. कधी मी तिची मुलगी असायचे, जास्त करून बहीणच. दोघींचं बोलणं मला जमायला लागलं होतं. आम्ही आमच्या आईच्या विहिरीबद्दल बोलायचो, जी मला नीट आठवतही नव्हती, आणि पोरीबद्दल बोलायचो, म्हणजे माझ्याबद्दल. ती लहानपणी किती हट्टी होती, किती तापट, हे मला सगळं तेव्हा कळलं. ती गेली तेव्हा टाक माझ्या हातात होता. आता तो देवघरात आहे. मी देव मानत नाही, पण आखाजीला सरगुंडे केले की पहिला घास तिथे जातो. दोघींचा मिळून एकच.

लेक तोवर नागपूरला शिकायला गेली होती. सुट्टीत आली तेव्हा मी तिला वही दाखवली, काट मारलेल्या रेघेसकट. त्या अकरा दिवसांचंही सांगितलं. मला वाटलं चिडेल, माझीच मुलगी आहे. ती खूप वेळ चार गोलांवर बोट फिरवत होती. मी रोज सकाळी त्याच आरशात केस विंचरते आणि समोरची बाई ओळखीची आहे ना बघते, हेही मी तिला सांगून टाकलं. अजून ओळखीची आहे.

"आणि नसेल कधी," तिनं विचारलं, "तर मी काय करायचं?"

"मी जिला हाक मारेन ती तू व्हायचं. वाद घालायचा नाही. मावशी म्हटलं तर मावशी, आजी म्हटलं तर आजी."

"आणि माझंच नाव घेतलंस तर?"

मला तिच्याकडे बघवेना. तोंडून कॉलेजातली मराठी निघालीच नाही.

"तवा लवकर येजो," मी म्हटलं.